पेशंट झोपतो कुठे?

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी सल्ला लिहायला दोन ओळी सोडलेल्या असतात. डॉक्टर गोळ्या लिहून पुढच्या बेडकडे वळले, की त्या दोन ओळी बहुतेक वेळा आम्हा सिस्टरांच्या वाट्याला येतात. हात सवयीने चालतो. भरपूर पाणी पिणे, विश्रांती घेणे, सकस आहार, हवेशीर खोलीत राहणे, आठ दिवसांनी दाखवणे. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. परीक्षेत लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील. पण ते कार्ड खिशात घालून माणूस यवतमाळच्या स्टँडवरून घाटंजीच्या किंवा झरीच्या एसटीत बसला, की त्यातलं एकेक वाक्य गळायला लागतं. भरपूर पाणी, पण कोणतं? विश्रांती, पण नोव्हेंबरात, वेचणी ऐन भरात असताना? हवेशीर खोली? खोली एकच, आणि तिच्यात आढ्यापर्यंत कापूस भरलेला.

आधी वॉर्डात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रावर आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवताना, माझं बरंचसं शिक्षण या दोन ओळींनी केलं आहे. पेशंटला घरी जाऊन जे करता येणार नाही ते त्याला सांगणं ही परिचर्या नव्हे, ती नुसती नोंद झाली, असं माझं मत होत गेलं. करता येण्याजोगं सांगायचं तर तो कुठे राहतो, काय पितो, कशावर झोपतो, उद्या सकाळी कुणाच्या वावरात जाणार आहे, हे आधी माहीत असावं लागतं.

पहिल्या वर्षाला आमच्याकडून चार गोष्टी घोकून घेतल्या होत्या : व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि परिचर्या. नर्सिंगचा कुठलाही सिद्धांत घ्या, तो या चौघांचं नातं सांगतो, असं आमच्या बाई म्हणायच्या. परिसर आला की लगेच फ्लोरेन्स नाइटिंगेल. १८५९ साली आलेलं त्यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’, आणि त्यातले मुद्दे : हवा, उजेड, ऊब, शांतता, स्वच्छता, पाणी, अंथरूण. उत्तरपत्रिकेत आम्ही लिहायचो, नर्सने खिडकी उघडावी, चादर ताणून घालावी, नातेवाइकांचा गलका थांबवावा. परिसर म्हणजे पलंगाच्या चहूबाजूंची सहा-सात फूट जागा, आणि ती सगळी नर्सच्या ताब्यात, असा आमचा समज.

पुढे सावकाशीने वाचलं, तेव्हा दिसलं की पाठ्यपुस्तकाने नाइटिंगेलबाईंना फारच सोज्वळ करून टाकलं आहे. क्रिमियाच्या युद्धातलं स्कुटारीचं लष्करी रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभं होतं. पाणी येत होतं त्या वाटेत मेलेलं घोडं सापडलं. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे सुमारे ४२ टक्के पेशंट दगावत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोग आला, गटारं उपसली गेली, हवेला वाट झाली, आणि जूनपर्यंत तो आकडा दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. जखमांपेक्षा ती इमारतच जास्त सैनिक मारत होती. बाईंचा सिद्धांत असा एका ठरावीक जागेच्या दुर्गंधीतून निघालेला आहे. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या गेल्या होत्या, पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं असं विचारणाऱ्या. त्यांच्या उत्तरांचा गठ्ठा चाळून बाईंनी १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालासाठी टिपण लिहिलं. नंतर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, तोही खेड्यापाड्यांतल्या स्वच्छतेवर. म्हणजे ‘खिडकी उघडा’ हे त्यांच्या गावचं उत्तर होतं. त्यांनी विचारलेला प्रश्न, या जागेत माणसाला नेमकं काय आजारी पाडतंय, हा मात्र कुठेही नेता येतो. आम्हाला शाळेत उत्तर मिळालं होतं, प्रश्न कामावर मिळाला.

मला तो मिळाला २०१७ च्या खरिपात.

त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली. राज्यभर गाजलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं. कुणाचं काय चुकलं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मी पलंगाच्या बाजूने जे पाहिलं तेवढंच सांगते.

कीटकनाशकाचा पेशंट आम्हाला नवा नव्हता. पिऊन येणारे या जिल्ह्यात, काय सांगावं, फार ओळखीचे. त्यांचा क्रम ठरलेला : नळी टाकणं, पोट धुणं, अ‍ॅट्रोपिन, आणि बाहुल्या, नाडी, घाम, छातीतली घरघर यांची थोड्या-थोड्या वेळाने नोंद. त्या वर्षी मात्र न पिता विषबाधा झालेले येत होते. विष कातडीतून, डोळ्यांतून, श्वासातून गेलेलं. त्यांचं पोट धुऊन काय होणार? धुवायचं होतं अंग. साबण लावून, डोक्यापासून, केसांच्या मुळांतून, नखांच्या आतून, कानांच्या मागून. डोळे साध्या पाण्याने, बराच वेळ. पुस्तकात ही एक ओळ आहे. वॉर्डात एका माणसाचं हे सगळं नीट करायचं तर दोन जण लागतात, बादल्या लागतात, आडोसा लागतो, आणि नळाला पाणी असावं लागतं.

सगळ्यांत आधी अंगावरचे कपडे उतरवायचे. ते आम्ही उतरवले की पेशंटची बायको किंवा आई त्यांचं गाठोडं बांधून पलंगाखाली सरकवायची. नाकाला झोंबणारा वास वॉर्डभर. एकीला म्हटलं, बाई, हे टाकून दे. ती म्हणाली, “फेकून देऊ म्हन्ता, मंग सुट्टी झाल्यावर ह्यायले घरी कायच्यात नेऊ?” फवारणीचे कपडे वेगळे नव्हतेच. अंगावर होते तेच होते, आणि ते घरी नेऊन, धुऊन, पुन्हा घालायचे होते. त्याच घमेल्यात, लेकराच्या झबल्यांसोबत. मग मी जाड प्लास्टिकच्या पिशव्या जमवायला लागले. कपडे पिशवीत, तोंडाला गाठ, पिशवी वॉर्डाबाहेर. आणि घरी धुवायचे कसे ते नीट सांगायचं. वेगळं घमेलं, हातांना पिशव्या बांधून, दोन-तीनदा साबण, ते पाणी विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ ओतायचं नाही. हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर छापलेलं नसतं.

उजेडाची गंमत तर वेगळीच. विषावर उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपिनने बाहुल्या मोठ्या होतात आणि साधा उजेडही डोळ्यांत खुपतो. त्यात काहींचे डोळे औषध उडून आधीच लाल झालेले. पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारी नेमकं त्या रांगेवर ऊन यायचं. नाइटिंगेलबाईंनी सूर्यप्रकाशाची एवढी थोरवी गायली, आणि आम्ही दुपट्टे नि चादरी बांधून त्याच खिडक्या झाकत होतो. बाईंनी ते पाहिलं असतं तर त्या रागावल्या नसत्या असं मला वाटतं.

उकाड्याचंही तसंच. अ‍ॅट्रोपिन घाम आटवतं. घाम आटला की अंगातली उष्णता बाहेर पडायची एक वाट बंद होते. बाहेर ऑक्टोबर हीट, वॉर्डात एका पलंगाला दोन-दोन नातेवाईक, पंखा एका बाजूला. ताप चढला की तो विषाचा, औषधाचा, जंतूंचा की हवेचा, हे ओळखायला ताप-नाडी-श्वासाचा नुसता टीपीआर चार्ट पुरत नाही. तो पलंग कुठे आहे हेही पाहावं लागतं. आम्ही जास्त डोसवरचे पेशंट पंख्याखालच्या रांगेत हलवले, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिलो. औषधाने आणि विषाने मिळून भ्रमही व्हायचा. माणसं बरळायची, उठून पळायला बघायची, सलाइन उपटायची. काहींचे हात पलंगाला बांधावे लागले. ते फोटो वर्तमानपत्रांत आले आणि लोक हळहळले. बांधलेल्या हातांपेक्षा ओळखीचा आवाज जास्त कामाचा, हे तिथे कळलं. एका मजुराचा भाऊ रात्रभर त्याच्या कानाशी बैलांविषयी बोलत बसला होता. कोणता बैल लंगडतोय, कोणाला विकायचा. तो माणूस शांत पडून ऐकायचा. पाहुण्यांच्या बडबडीविरुद्ध नाइटिंगेलबाईंनी अख्खं प्रकरण लिहिलं आहे. आमच्या वॉर्डात नातेवाईक बाहेर काढले तर सलाइन संपलं हे सांगायला, बेडपॅन द्यायला, घोट-घोट पाणी पाजायला कोणी उरत नाही. तो भाऊ त्या रात्री औषधाइतकाच लागत होता.

त्या दिवसांत आमची हिस्टरी घ्यायची पद्धतही बदलली. त्रास कधीपासून, उलट्या किती, याच्या पुढे प्रश्न जायला लागले. पऱ्हाटी किती उंच? पंप हाताचा की बॅटरीचा? औषध कोणी कालवलं, कशाने ढवळलं? वारा कोणीकडून होता? भाकर कुठे खाल्ली? उत्तरांतून शेत दिसायला लागलं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरायचा, तो वाऱ्याने तोंडावर परत यायचा. नव्या पंपांचे तुषार बारीक, ते सरळ छातीत जायचे. फवारणारा पुष्कळदा मालक नसून रोजाने लागलेला मजूर, त्यामुळे जितक्या टाक्या संपतील तितका दिवस लवकर सुटतो. आणि मध्ये धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा. हात धुवायला पाणी नाही, पिण्याच्या कॅनमधलं पाणी हातावर कोण घालवणार? त्याच बोटांनी खर्रा गालात.

‘सुरक्षा किट घालूनच फवारणी करावी’ हा सल्ला तेव्हा भिंतीभिंतीवर लागला. सल्ला बरोबर आहे. पण रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, अंगभर झगा, पाठीवर भरलेला पंप, पायाखाली काळ्या जमिनीचा चिखल आणि डोक्यावर ते ऊन. एका पेशंटने मला अगदी सालसपणे सुचवलं, “बाई, तुमीच एक टाकी मारून पाहा ते घालून.” मग आम्ही करता येण्याजोगं काय ते शोधायला लागलो. सकाळी, वारा पाठीशी घेऊन. लांब बाह्यांचा सदरा, डोळ्यांना साधा का होईना चष्मा. अंग भिजलं की टाकी संपायची वाट न पाहता कपडे बदलणं. धुऱ्यावर एक कॅन फक्त हात-तोंड धुवायला, त्याला दोरीने बांधलेली साबणाची वडी. भाकर आणि खर्रा त्यानंतर. हे किटाची जागा घेत नाही, मला ठाऊक आहे. पण किट घरी खुंटीला टांगलेलं असतं आणि साबणाची वडी धुऱ्यावर राहते.

आरोग्य केंद्रावर बदली झाली आणि पारडं फिरलं. वॉर्डात पेशंट आमच्या जागेत येतो. आमचा पलंग, आमची वेळ, आमचे नियम. गावात नर्स पाहुणी. दाराशी उभं राहून “येऊ का?” म्हणायचं, बाजेवर बसा म्हटलं तर बसायचं, चहा दिला तर घ्यायचा, आणि खिडकी उघडायची तर घरच्यांना विचारून.

आमच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोडं, होती. बांबूच्या ताट्या विणून, त्यांना मातीचा हात देऊन उभं केलेलं जुनं घर, आणि शेजारी सरकारी घरकुल, सिमेंटचं. कुटुंब पाहणीच्या फॉर्मात ‘घर : पक्के / कच्चे’ असा रकाना असतो, आणि पक्क्यापुढे खूण झाली की जरा बरं वाटतं. क्षयाच्या एका तरुण पेशंटच्या घरी गेले तेव्हा त्या खुणेवरचा विश्वास उडाला. तो घरकुलात झोपायचा. एक खोली, एक लहान खिडकी, तिलाही थंडीसाठी पोतं कोंबलेलं. आत म्हातारी, बायको, दोन लेकरं. दिवसा तापलेले पत्रे, संध्याकाळी चुलीचा धूर. जुन्या ताटीच्या घरात आता शेळ्या बांधत होते, आणि तिथे हवा अशी खेळत होती की वॉर्डाला हेवा वाटावा. क्षयाच्या पेशंटला जे हवं ते शेळ्यांना मिळालं होतं. त्याची बाज मधल्या मांडवात टाका असं सुचवलं, तर म्हातारी म्हणाली, “बाहीर झोपवलं तं पोडभर होईन.” तिचं खोटं नव्हतं. बाहेर झोपणं म्हणजे आजाराची दवंडी. शेवटी शेळ्या घरकुलाच्या मागच्या पडवीत गेल्या, ताटीचं घर सारवून त्याचं झालं, आणि गावाला सांगायला कारण म्हातारीनेच शोधलं : नव्या घरात पोराला झोप येत नाही. घरकुलात गरम होतं हे पोडावर सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र असं सरळ काही होत नाही. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा-शेपा, दारं-खिडक्या लावलेल्या, धूर कोंडलेला आणि त्यात आठ दिवसांचं बाळ. नवी मुलगी असेल तर आधी खिडकीकडे धावते. तिचा हात खिडकीला लागला, की त्या घराचे कान तिला बंद झाले. अमेरिकेतल्या मॅडलिन लायनिंगर या नर्सने मानववंशशास्त्र शिकून १९६० च्या दशकात न्यू गिनीतल्या गडसुप लोकांत राहून काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की पेशंटच्या रीतीतलं काही जपायचं, काहीत तडजोड करायची आणि थोडंच बदलायला लावायचं. ही तिहेरी वाटणी मला पुस्तकात कोरडी वाटली होती. बाजेपाशी ती कामाला आली. ऊब आणि मालिश जपायचं, कारण बाळ गार पडू नये हे आपलंही मत आहे. शेगडी बाळाच्या बाजेखालून काढून दाराबाहेर पेटवायची, निखारे लाल झाले, धूर सरला की मग थोडा वेळ आत, आणि तेव्हा दार किलकिलं ठेवायचं, ही तडजोड. मध नि घुटी चाटवणं आणि पहिलं दूध पिळून टाकणं, हे मात्र बंद. एवढ्यावरच भांडायचं. आजीशी तीन गोष्टींवर भांडलं तर तिन्ही हरतात.

सिकलसेलची कहाणी जास्त कडू आहे. आमच्याकडे आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल कार्ड म्हणजे आजारी, पिवळं म्हणजे वाहक, हे आता गावातल्या पोरांनाही माहीत असतं. आपल्या सल्ल्याचा कागदही पाठ असतो : पाणी भरपूर, अति श्रम नको, थंडी नको, ऊन नको. आता वेचणीला जाणाऱ्या लाल कार्डवाल्या पोरीचा दिवस पाहा. डिसेंबरात सकाळी निघायचं, दवाने भिजलेल्या पऱ्हाट्यांतून पोटाशी ओटी बांधून चालायचं. कंबरेखाली ओलं, वर बोचरा वारा. दुपारी ऊन. मजुरी किलोवर, त्यामुळे थांबणं म्हणजे पैसे सोडणं. पाणी सगळ्या बायांत मिळून एका कॅनचं. आणि सगळ्यांत मोठं कारण कोणी सांगत नाही, खोदून विचारलं तर हसत सांगतात : पाणी पिलं तर जायचं कुठे? सपाट वावर, आडोसा नाही, पुरुष मजूर आजूबाजूला. म्हणून बाया दिवसभर पाणी पितच नाहीत. संध्याकाळी हातापायांचे सांधे धरतात, रात्री कळा, आणि पहाटे मोटारसायकलवर मधे बसवून केंद्रावर.

‘रुग्णास पुरेसे द्रवपदार्थ घेण्याविषयी आरोग्यशिक्षण दिले’ असं लिहिलं की फाइल पूर्ण होते. आम्ही आशाताईंना घेऊन बायांच्या टोळीशीच बोललो, एकट्या पोरीशी नाही. दोघीतिघींनी लुगडं धरून आडोसा करायचा, जोडीने जायचं, ठरलेल्या वेळी सगळ्यांनीच पाणी प्यायचं, म्हणजे ती एकटी वेगळी पडत नाही. दव उतरेपर्यंत तिने धुऱ्यावर कापूस साफ करायचा. टोळीच्या मुकादमबाईने हे मान्य केलं, कारण तिचीच भाची पिवळ्या कार्डाची. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड चालूच होतं. त्यांच्या जोडीला एक लुगडं.

इन्सुलिनची अडचण त्या मानाने सोपी. फ्रीज नाही, मे महिन्यात पारा ४४-४५, आणि कुपी पत्र्याखालच्या फळीवर. मोठ्या माठात वाळू, वाळूवर पाणी, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत कुपी, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. चालू कुपीला महिनाभर पुरेल इतकी गार जागा मिळते. कुंभाराला सांगितलं की तो बरोबर मापाची जोडी देतो.

काही ठिकाणी मात्र नर्सच्या हाती फार काही नसतं. केळापूर, झरी जामणीकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं प्यायल्यावर मोठ्यांचे गुडघे, पाठ ताठरते. आमचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत भरवशाचा सल्ला म्हणजे पाणी उकळून प्या. जंतूंसाठी तो सोन्यासारखा. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. त्या गावात कोणता हातपंप लाल रंगवलाय, कोणत्या विहिरीचं पाणी तपासून चांगलं निघालंय, हे माहीत असल्याशिवाय नर्सने पाण्यावर बोलूच नये. तिथे परिचर्या म्हणजे ग्रामसभेत उठून उभं राहणं, आणि ते आमच्या नोकरीच्या कागदात कुठेच नाही.

विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जागा पाहून परिचर्या बेतायचं हे काम मोठ्या मापात करून दाखवलं. आदिवासींना आपला वाटेल असा दवाखाना हवा म्हणून तो झोपड्यांसारखा बांधला, नाव दंतेश्वरी देवीचं दिलं, पेशंटसोबत घरच्यांना राहू दिलं. आणि बाळं घरीच जन्मतात, घरीच दगावतात, तर उपचारही घरीच पोहोचवायचा म्हणून गावातल्या बायांना शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरल्याचा. आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. या कामाला आमच्या पाठ्यपुस्तकात ‘कार्यक्रम’ म्हणतात आणि परदेशातून आलेल्याला ‘सिद्धांत’. हे मला कधी पटलं नाही. बाळाचं घर हाच वॉर्ड आणि शिकवून तयार केलेली गावची बाई ही तिथली नर्स, यात सिद्धांत नाही तर काय आहे?

आता मुलींना मी केअर प्लॅन शिकवते. त्यांच्या तक्त्यात निरीक्षण, निदान, उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन असे रकाने असतात. पहिल्या रकान्याच्या आधी मी त्यांना कोऱ्या कागदावर पेशंटचं घर काढायला लावते. झोपायची जागा, चूल, पाणी, संडास, वावर किती लांब, आणि घरात रात्री किती जण. चित्र चांगलं नसलं तरी चालतं. मुली बऱ्याचशा इथल्याच, दारव्हा, दिग्रस, आर्णी, मारेगावच्या, तांड्यावरच्याही आहेत. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. गंमत अशी की युनिफॉर्म चढवला की त्या ते विसरतात, आणि आपल्याच आईला परवडणार नाही तो आहार पेशंटला सांगतात. दूध, अंडी, सफरचंद. सफरचंद का, विचारलं की गप्प. जवस, मोहाची फुलं, शेंगदाणे, अंबाडीची भाजी यांत काय आहे ते शोधायला लावलं, की वर्ग जागा होतो.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीने अंगभर खाजेच्या तक्रारीचं कुटुंब घेतलं होतं. तिने काढलेल्या चित्रात खोलीचा तीन चतुर्थांश भाग नुसत्या रेघोट्यांनी भरलेला. तो कापूस. भाव पडलेला, म्हणून विकायचा थांबवलेला. माणसं उरलेल्या पट्ट्यात आणि रात्री जागा नाही म्हणून पोरं कापसावरच झोपलेली. कापूस साठून राहिला की त्यातल्या किड्यांनी आणि धुळीने खाज सुटते, हे इथे घरोघर माहीत आहे. मलम लिहून दिलेलं होतं. तिच्या कृतींचा रकाना मला आवडला : पोरांची बाज ओसरीत, कापसावर ताडपत्री कडेपर्यंत दाबून, घरात शिरायच्या दाराशी अंथरूण झटकायची जागा, अंघोळ झोपायच्या आधी, धान्य नि कपडे दुसऱ्या भिंतीला. पुढे ‘उद्दिष्ट साध्य होण्याचा अपेक्षित कालावधी’ असा रकाना असतो. मुली तिथे डोळे मिटून ‘७ दिवस’ लिहितात. हिने लिहिलं होतं, ‘कापसाला भाव येईपर्यंत’.

परीक्षकबाईंनी त्यावर लाल गोल काढून प्रश्नचिन्ह घातलं. मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, खोडू नकोस, खाली तारीख टाकून नवी ओळ लिही : दर आठवड्याला भेट, खाज किती, ताडपत्री आहे का, कापूस किती उरला. मार्च लागला तरी कापूस घरातच होता. तोवर ती मुलगी दर शनिवारी जात राहिली, आणि आता त्या गल्लीतल्या आणखी दोन घरांची चित्रं तिच्या वहीत आहेत.